पहिल्या ओळीतला खर्च

मंगलवहिनींचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एका खिडकीच्या ग्रिलवरून गिऱ्हाइकाशी भांडत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला तो म्हणेल त्या भावात ग्रिल देऊन टाकलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदाच झालं. यशवंत माझा शाळेपासूनचा मित्र, आणि गेले अकरा महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. अंबरनाथ पश्चिमेला त्याच्या तळमजल्यावरच्या घरासमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती. बुद्धवंदना झाली आणि कुणीतरी म्हणालं, "चला, उचला." तिघे पुढे झाले. मला म्हणाले, "बाळूशेठ, या, तुमचा मान आहे." माझे हात पुढे जाईनात... उचलण्यावरूनच तर आमचं फाटलं होतं.

यशवंतचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले. विठ्ठलवाडीच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. शाळा पहिल्या मजल्यावर भरायची आणि त्याला पाठीवर घेऊन तो जिना चढायचो मी, चौथीपासून दहावीपर्यंत. गणितं तो सोडवायचा, मी उतरवून घ्यायचो. तरी दहावीला मी नापास झालो, वेल्डिंगच्या दुकानात हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं. तो शिकला, बदलापूरच्या एका केमिकल कंपनीत हिशेबाच्या खात्यात लागला आणि तिथूनच रिटायर झाला. माझ्याकडे यायचा तेव्हा वर्कशॉपच्या दोन पायऱ्यांखाली व्हीलचेअर थांबवून ओरडायचा, "बाळ्या, खाली ये!" मी म्हणायचो, "थांब, कामगारांना सांगतो, उचलून घेतील." तो म्हणायचा, "तूच उतर. तेवढंच तुझं पोट कमी होईल."

श्रीलंकेला जायचं, अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा, ही त्याची आणि वहिनींची जुनी इच्छा. रिटायर झाल्यावर वर्षभर तो त्याच्याच मागे होता, आणि सोबतीला मी जाणार हे ठरलेलंच होतं. तिथल्या गेस्ट हाऊसवाल्यांना 'व्हीलचेअर आत येते का' असं तो विचारायचाच नाही, कारण सगळेच 'हो' म्हणतात. बाथरूमच्या दारावर मोजपट्टी आडवी धरून फोटो पाठवा, असं कळवायचा. फोटो आला नाही की ते नाव बाद. विमानात सीटपर्यंत नेणारी अरुंद खुर्ची आधी सांगून ठेवायची, डॉक्टरांचं पत्र, चाकाची जादा ट्यूब, आणि एक कोरं फडकं... तिथल्या आवारात चपला काढतात, मग माझी चाकंही पुसलेली हवीत, म्हणायचा. हे सगळं वहीत लिहिलेलं. खर्चाच्या यादीत पहिल्याच ओळीत सगळ्यात मोठा आकडा होता, लिफ्टवाल्या गाडीचा. मागचं दार उघडलं की प्लेट जमिनीला लागते आणि माणूस खुर्चीसकट आत जातो, अशी गाडी.

"एवढे पैसे गाडीला?" मी म्हणालो. "यात आपल्या तिघांचं सगळं जेवणखाण निघेल."

"म्हणून तर ते वर लिहिलंय. कमी करायचं तर खालून कर. हॉटेल साधं घे, दोन दिवस कमी कर. पहिल्या ओळीला हात लावायचा नाही."

"अरे, दोन माणसं घेतली की झालं. उचलून ठेवतील."

"बाळ्या, मला उचलायचं नाही. कुणीही नाही."

मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. मोठ्या आकड्यावर आधी हात टाकायचा, किरकोळ गोष्टींत वेळ घालवायचा नाही, हेच मी धंद्यात शिकलो होतो. बुकिंगला मी एकटाच गेलो, कारण एजंटचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. एजंट सिंधी, माझ्या तोडीस तोड. "साईं, इस गाडी का रेट फिक्स है," म्हणाला. मी साध्या व्हॅनचा भाव विचारला. "आधे से भी कम. और दो आदमी साथ में फ्री, उठा लेंगे." दीड तास घासाघीस करून मी त्यातूनही आणखी पैसे कमी करून घेतले आणि लढाई जिंकल्यासारखा जिना उतरलो. यशवंतला म्हणालो, "गाडीची व्यवस्था झाली." खोटं नव्हतं ते... खरंही नव्हतं.

श्रीलंकेत उतरलो, विमानतळाबाहेर व्हॅन आली, दोन धट्टीकट्टी माणसं हसत उतरली. यशवंतने व्हॅनच्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्लेट कुठाय?" मी त्याला किती पैसे वाचले ते सांगायला लागलो, तोवर एकाने त्याच्या काखेत हात घातला होता, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. त्याचा शर्ट वर सरकला, पोट उघडं पडलं, वहिनी शर्ट खाली ओढायला धावल्या. अनुराधपूरला पोचल्यावर ती दोघं दार उघडून उभी राहिली तेव्हा म्हणाला, "नाही."

"अरे, समोर आलंय! दोन मिनिटांचं काम आहे!"

"तुम्ही जाऊन या."

"इथवर येऊन गाडीत बसून राहणार?"

"पैसे वाचवलेस ना? बस मग तूही."

माझं डोकं फिरलं. भर रस्त्यात मी ओरडलो, "शाळेत एवढी वर्षं पाठीवर घेऊन फिरलो, तेव्हा चाललं? आता लाज वाटते?"

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हळू." यशवंत मात्र शांतपणे बोलला. "तेव्हा दुसरा रस्ता नव्हता, बाळ्या. म्हणून तुझी पाठ. आता होता... तो तू परस्पर विकून टाकलास."

वहिनी फुलं घेऊन एकट्या गेल्या. त्या येईपर्यंत आम्ही दोघं व्हॅनमध्ये बसून होतो. चाकं पुसायचं फडकं त्याच्या मांडीवर होतं. तो ते उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता.

परत आल्यावर आमचं बोलणं बंद झालं. दोन महिन्यांनी वहिनींच्या हातून एक कागद आला. ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प, मापं मिलिमीटरमध्ये, आणि खाली 'मजुरीसह बिल पाठवणे'. मला मजुरी! मी चिडून पूर्ण भाव लावला, त्यानेही तो मुकाट्याने दिला. सोसायटीच्या गेटसाठी असेल, असं मी समजत होतो. पुढे एक दिवस तोच एजंट बाजारात भेटला. "साईं, तुम्हारा दोस्त तो श्रीलंका जाके भी आया. लिफ्टवाली गाडी, पूरा रेट. और साथ में फोल्डिंग रॅम्प." रॅम्प माझा नेला आणि मला नाही नेलं... ते माझ्या मनात जे बसलं ते बसलंच. तो हॉस्पिटलमध्ये असल्याचं वहिनींनी कळवलं, तेव्हा मी "बघतो" म्हणालो. आधी फोन त्याने करायला हवा, असं माझं म्हणणं होतं. चार दिवसांनी आला तो वहिनींचा फोन.

त्या दिवशी त्याच्या दारात सगळे माझ्यासाठी थांबले होते. शेवटी मी पुढे झालो, वाकलो आणि त्याच्या कानाशी म्हणालो, "येशा, उचलतोय रे." मग खांदा दिला.

तीन आठवड्यांनी वहिनी रिक्षातून रॅम्प घेऊन वर्कशॉपवर आल्या. "घरात बघवत नाही, भावोजी. तुमच्याकडे ठेवा." मी चहा मागवला. मग विचारलंच. "झाडापर्यंत गेला का तो?"

"गेले. चाकं स्वतः पुसली, स्वतः ढकलत गेले. वाटेत जेवायला थांबलो तिथे दोन पायऱ्या होत्या, तर हा टाकला. मी मागून धरायला गेले तर म्हणाले, 'सोड. बाळ्याचं काम आहे, हलणार नाही.'"

"मग मला का नाही नेलं?"

वहिनींनी कप खाली ठेवला. "मी म्हटलं होतं त्यांना, भावोजींना विचारा. तर म्हणाले, 'तो पुन्हा भाव करेल.' ...आणि हसले."

सांगायला हवं होतं त्याने मला. हे माझं म्हणणं आजही आहे, आणि तो असता तर याच पायऱ्यांवर उभा राहून मी त्याच्याशी भांडलो असतो. आयुष्यभर लोकांना जिने, कठडे, रॅम्प करून दिले, पण स्वतःच्या दारातल्या दोन पायऱ्यांवर कधी काही टाकलं नाही. आता रोज सकाळी शटर उघडलं की तो रॅम्प तिथे टाकतो. त्यावर चाकांचे काळे ओरखडे आहेत. गिऱ्हाइकं अडखळतात, कुरकुर करतात, "शेठ, ये किसके लिए?" विचारतात. मी कामाचं बोला म्हणतो. संध्याकाळी दुकान बंद करताना तो आत घ्यावा लागतो. वजनाला काहीच नाही, एका हाताने उचलता येईल असाच केलाय. तरी हात लावण्याआधी मी क्षणभर थांबतो.