बोट धरायचा हुकूम

माझ्या लेकीने बोट पुढे केले होते.

शाळेचा पहिला दिवस. ओसरीवर नव्या पोरांची रांग. प्रत्येकाच्या पुढ्यात धूळपाटी, म्हणजे लाकडी फळीवर पसरलेली पांढरट मऊ धूळ. मास्तर एकेका पोराच्या मागे उकिडवे बसायचे, त्याचे बोट आपल्या मुठीत धरायचे आणि धुळीत त्याच्याकडून श्री काढून घ्यायचे. पोर लाजायचे, बाप हसायचा, मास्तर पुढे सरकायचे. माझी लेक रांगेच्या शेवटाला बसली होती. सगळे तिने नीट पाहून ठेवले होते. पाळी आली तसे तिने न सांगता बोट पुढे केले.

मास्तर तिच्याजवळ आले आणि थांबले.

"ही कुणाची?"

मी अंगणात चिंचेखाली उभी होते. म्हणाले, "माजी हाय, मास्तर."

त्यांनी मला ओळखले. त्यांची पायताणे आमच्याच घरी व्हायची.

"खाली उतर," ते लेकीला म्हणाले. "तिथं अंगणात बस."

लेक उतरली. अंगणातल्या मातीत बसली. मास्तर ओसरीच्या कडेला आले आणि वरूनच छडी लांब करून मातीत श्री ओढला. "हे असं. गिरव."

लेकीने पुन्हा बोट पुढे केले. तिला वाटले, आता धरतील. तिने सगळ्यांचे धरलेले पाहिले होते ना. मास्तरांनी छडीचे टोक त्या बोटावर ठेवले आणि बोट खाली दाबले. मारले नाही. नुसते दाबले. वाटेतला किडा काडीने बाजूला सारावा तसे. ओसरीवरची पोरे हसली.

मी म्हणाले, "मास्तर, तिचं बोट तेवढं धरून..."

"महाराजांचा हुकूम आहे म्हणून बसू देतोय," मास्तर म्हणाले. "बोट धरायचा हुकूम नाही."

आणि मी काय केले? मी हात जोडले. अपमान त्यांनी केला आणि हात मी जोडले. लेक माझ्याकडे बघत होती.

हे मी बोलते आहे आणि तीच लेक लिहून घेते आहे. माझी बोली ती सरळ करून लिहिते. इथवर आल्यावर ती थांबली. म्हणाली, "आये, हे कशाला लिवायचं?" मी म्हटले, लिही. हात जोडले तेही लिही.

आम्ही कोल्हापूरचे चांभार. आमच्या आळीत पायताणे होतात. कातडे बाप्ये कापतात, तळ जोडतात. वरच्या पट्ट्यावरची बारीक वेणी बायका घालतात. त्या कामाला बारीक बोटे लागतात, म्हणून पोरींना लहानपणीच बसवतात. माझी लेक नीट बोलायला लागायच्या आधीपासून वेणी घालत होती. तिची बोटे कातड्याच्या पाण्याने तपकिरी झाली होती. माझीही तशीच. आईचीही होती.

आधी आमच्यासारख्यांची शाळा वेगळी असायची. आळीच्या टोकाला एका पडवीत भरायची. तिथे एक मुसलमान मास्तर होते. तोंडाने कडक, पण पोराला मांडीजवळ घेऊन, हात धरून लिहवायचे. मी पायताणांची पाटी डोक्यावर घेऊन जाताना बघायची. शाळा म्हणजे हेच, असे माझ्या मनात बसले. मास्तर हात धरतो, तीच शाळा. पुढे महाराजांचा हुकूम झाला. वेगळ्या शाळा बंद, सगळ्यांची पोरे एकाच शाळेत बसवायची. आमच्या आळीत गूळ वाटला. त्या मास्तरांची बदली झाली. तेव्हा लेक लहान होती. ती शाळेच्या वयाची झाली तशी मी शाळा शोधायला लागले.

बाजूला एक शाळा होती. आमच्या आळीतली चार पोरे तिथे जायची. लेकीचा बाप म्हणाला, "तितंच घाल की. जवळ हाय. आपली पोरं हायती."

"तितली पोरं धुतल्या बोटानं भाईर येत्यात," मी म्हणाले.

त्याला कळेना. मी गिऱ्हाइकांकडे जाता-येता शाळा सुटायच्या वेळी उभी राहायची आणि पोरांची बोटे बघायची. मला अक्षर येत नव्हते, मास्तरांशी बोलायची छाती नव्हती, मग आणखी कशावरून ठरवणार? जवळच्या शाळेतली पोरे बाहेर पडायची ती स्वच्छ. मास्तर खुर्चीत पेंगायचा. आणि पलीकडच्या पेठेतल्या या शाळेतल्या लहान पोरांची बोटे पांढरी असायची. उजव्या हाताचे बोट तर धुळीने भरलेले. म्हटले, इथे शिकवतात. इथला मास्तर बोट धरतो. माझी लेक इथेच जाणार.

"त्ये आपल्याला घेत्यात व्हय?" बापाने विचारले.

"हुकूम हाय की!"

एवढा माझा हुकमावर भरवसा होता.

आदल्या दिवशी मी लेकीला न्हाऊ घातले. डोके शिकेकाईने धुतले. मग तिचे ते उजवे बोट घेतले आणि राख, लिंबू, पुन्हा राख असे घासत बसले. डाग जाईना. लेक म्हणाली, "आये, आग हुतीया." मी म्हटले, सोस जरा, मास्तर हे बोट धरणार आहेत. त्यांना घाण वाटायला नको. बोट लाल झाले, सोलवटले. डाग होता तिथेच होता. माझी आक्कल अशी की मला वाटले, अडचण आहे ती डागाची.

त्या बोटाची मला लाज वाटत होती. माझ्या लुगड्याला कातड्याचा वास येतो त्याची लाज. शाळेच्या अंगणात मी वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभी राहिले होते, वास ओसरीवर जाऊ नये म्हणून. माणूस आपल्याच अंगाला किती लाजू शकतो, ते मी तेव्हा करून बघितले.

लेक रोज शाळेत जाऊ लागली. अंगणात बसायची. मास्तर ओसरीच्या कडेला येऊन छडीने अक्षर ओढायचे आणि आत जायचे. ती मातीत गिरवायची. मधल्या सुटीत पोरे त्यावरून पळत जायची, अक्षर जायचे. मग दुसऱ्या दिवसापर्यंत नवे अक्षर नाही. घरी आली की मी बोट बघायची. त्याला अंगणातली लाल माती लागलेली असायची. बाप म्हणायचा, "शिकतीया न्हवं? मग बास झालं." मीही म्हणायची, बास झाले. मनात मात्र कुसळ टोचत राहायचे. शेजारणीने विचारले, शाळा कशी आहे? मी म्हणाले, झकास. खोटे बोलले. खरे सांगायची लाज वाटली.

मग एका दुपारी मी आत वेणी घालत होते. बाहेर लेक खेळत होती. शेजारणीची धाकटी पोर, नुकती चालायला लागलेली, तिला लेकीने अंगणात खाली बसवले होते. लेक स्वतः उंबऱ्यावर उभी. हातात काटकी. शाळाशाळा चालले होते.

"लांब बस," लेक तिला म्हणाली.

पोर हसत जवळ सरकली. पोरच ती. तिने खेळ म्हणून लेकीकडे बोट पुढे केले.

लेकीने काटकी त्या बोटावर ठेवली आणि बोट खाली दाबले. "बोट खाली. हुकूम न्हाई."

माझ्या हातातला वेणीचा पदर सुटला.

मी बाहेर गेले. लेकीच्या हातातली काटकी घेतली. मारावे असे वाटले, पण मारणार कुणाला? ती दचकली. म्हणाली, "असंच शिकिवत्यात, आये." तिच्या चेहऱ्यावर काही वाईट नव्हते. तिला खरेच वाटत होते की अक्षर असेच लांबून, उभ्याने, काठीने लिहायचे असते. आणि पुढे आलेले बोट असेच खाली दाबायचे असते. चांगली शाळा मी निवडली होती आणि माझी लेक तिथे हे शिकली होती. शाळेत हात जोडताना जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या दुपारी वाटली. धरणी दुभंगली असती तर मी उडी मारली असती.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, एवढेच सांगते.

जोतिबाची चैत्री यात्रा जवळ आली होती. त्या दिवसांत आळीत गिऱ्हाईक लोटते. मास्तरही दर वर्षी नवे जोड करून घ्यायचे. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा वाकडा होता आणि वर्षागणिक आणखी वाकत होता, त्यामुळे जुने माप चालायचे नाही, दर वेळी नवे काढावे लागे. मापाची रीत अशी. गिऱ्हाईक कातड्यावर पाय ठेवते. आमचा माणूस एका हाताने त्याची टाच धरतो, पाय हलू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने कोळशाने पायाभोवती रेघ ओढतो. विटाळ मानणारेही पाय धरू देतात. घरी जाऊन पाय धुतात, झाले. पायताण नीट बसायला हवे ना.

मास्तर आले. अंगणात उभे राहिले. लेकीच्या बापाने लगबगीने कातडे अंथरले, कोळसा घेतला आणि खाली बसला. मास्तरांनी पाय पुढे केला. आमच्याकडे न बघता, सवयीने. तो पुढे आलेला पाय मी बघितला. वाकडा अंगठा, भेगाळलेली टाच. बापाने धरायला हात लांब केला.

मी मध्ये गेले आणि त्याच्या हातातला कोळसा काढून घेतला.

"धरू नगासा," मी म्हणाले.

"आगं, काय करतीयास?"

मास्तरांचा पाय तसाच अधांतरी.

"हुकूम न्हाई, मास्तर," मी म्हणाले. "पायताणं करायचा धंदा हाय आमचा. पाय धरायचा हुकूम न्हाई."

त्यांना कळले. लगेच कळले. चेहरा तांबडा झाला. पाय खाली घेतला तो कातड्यावर नाही, मातीत.

"जिभेला काही हाड?" ते म्हणाले. "उद्यापासून पोरीला पाठवू नकोस."

"पाठिवणार."

"काय?"

"पाठिवणार, मास्तर. बसायचा हुकूम हाय. तुमीच सांगितलासा."

ते निघून गेले. लेकीचा बाप डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "आता त्या पेठेतलं एक गिऱ्हाईक फिरकणार न्हाई." खरे होते. त्या यात्रेला त्या पेठेतून कुणी आले नाही. तो माझ्याशी बोलेना. घरात चूल कधी पेटायची, कधी नाही. मी कुणाला दोष दिला नाही. पण कोळसाही परत दिला नाही.

दुसऱ्या सकाळी लेकीला घेऊन शाळेत गेले. अंगावर तेच लुगडे, तोच वास. या वेळी मी वाऱ्याची बाजू बघितली नाही. मास्तर ओसरीवर पोरांना पाढे म्हणायला लावत होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवले. छडी घेऊन कडेला आले नाहीत. त्या दिवशी माझ्या लेकीला अक्षरच नव्हते.

ओसरीवरच्या पहिल्या पोराच्या धूळपाटीवर रोजचा सुरुवातीचा श्री होता. पायरीवरून दिसायचा. मी लेकीला घेऊन पायरीवर बसले. अंगणात नाही, पायरीवर. पदराच्या गाठीत घरून आणलेली मूठभर राख होती, ती दगडावर पसरली. लेकीच्या मागे उकिडवी बसले, मास्तर बसतात तशी. तिचे ते तपकिरी बोट माझ्या तपकिरी मुठीत धरले.

मला अक्षर येत नव्हते. पण पट्ट्यावरची नक्षी बघून वेणी कशी घालायची ते येत होते. पाटीवर बघायचे आणि राखेत ओढायचे. वाकडे आले. पुसले, पुन्हा ओढले. वरून पोरे बघत होती. कुणीतरी हसले. लेकीने हात मागे ओढला. मी सोडला नाही.

"आये, मास्तर बगत्यात," ती हळूच म्हणाली.

"बगू दे."

मास्तर खरेच बघत होते. म्हणाले, "पायरीवरून उठ."

मी उठले नाही. माझे तोंड शरमेने पेटले होते, कान तापले होते. लाज गेली म्हणून मी बसून राहिले, असे नव्हे. लाज होतीच. आजही हे सांगताना आहे. पण ती घेऊन घरी जायचे नाही, हे मी त्या पायरीवर ठरवले. घरी नेली तर ती लेकीच्या हातात काटकी देते.

लेकीला मी सांगितले ते असे, आणि तिने हे आहे तसेच लिहावे:

"ही शाळा सोडायची न्हाई. आज पायरीवर बसलो, उद्या ओसरीवर बसायचं. उठ म्हनलं तर उठायचं न्हाई. ह्यो तुजं बोट धरणार न्हाई, मी धरीन. पर ज्यो तुजं बोट धरणार न्हाई, त्येचा पाय आपल्या घरात कुणी धरायचा न्हाई. तुज्या बानंबी न्हाई. तूबी न्हाई."