पिशवीपाशी कोण थांबणार?

आमच्या घरात सहलीला गेलं की एक माणूस बाहेर बसतं. ते माणूस म्हणजे आजी. हा नियम कुणी केला आणि कधी केला, कुणालाच ठाऊक नाही. पण वेरूळला तो पाळला गेला, प्रतापगडावर पाळला गेला, म्हैसूरच्या राजवाड्यातही पाळला गेला. आजोबा, बाबा, काका आत जाऊन सगळं बघून यायचे. आजी झाडाखाली नाहीतर चपलांच्या ढिगाशेजारी, मांडीवर पिशवी घेऊन. "तुम्ही या बघून, मी बसते पिशवीपाशी." हे ती इतक्या गोड आवाजात म्हणायची की कुणाला त्यात काही खटकायचंच नाही.

मला खटकायचं. लहान होते तेव्हापासून. आणि कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "अगं, तिलाच आवडतं तसं." हे उत्तर मी पुढे आयुष्यात फार ठिकाणी ऐकलं. ज्याला उभं ठेवायचं असतं, त्याला उभं राहणंच आवडतं म्हणे! पण ते असो.

मी सांगते आहे त्या उन्हाळ्यात आजी-आजोबा पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत, एर्लांगेनला आले होते. मी नुकतीच युनिव्हर्सिटीत गेले होते आणि दर शनिवारी बाजाराच्या चौकात पत्रकं वाटायचे. आमच्या बसथांब्यावरचं बाक काढून टाकलं होतं आणि म्हातारी माणसं खांबाला टेकून बसची वाट बघत होती. मुद्दा साधा होता: बसायला जागा द्या. पण वर्षभर पत्रकं लिहून माझं बोलणंही पत्रकासारखंच झालं होतं. आई म्हणायची, "हिच्याकडे मीठ मागितलं तरी ही आधी तीन मुद्दे मांडेल."

बाबांनी व्हेनिसची सहल ठरवली. बाबा दवाखान्यातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहितात, त्यामुळे सहलीचासुद्धा प्लान होता, रंगीत रकान्यांचा. बोटी निळ्या, चर्च पिवळी, जेवण हिरवं. आजोबांना तो प्लान अतिशय आवडला. ते तो मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक ओळीनंतर "गेनाऊ!" म्हणायचे. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर; जर्मनमधला तेवढा एकच शब्द त्यांनी उचलला होता, आणि तो ते कुठेही वापरायचे. आजी म्हणायची, "एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्या बोलण्याला नाही हो म्हणालात गेनाऊ!"

आजीची तयारी वेगळीच. तिने दोन दिवस आधी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, लाडू वळले. आजोबांची औषधं, पाण्याच्या बाटल्या, शाल, छत्री, सगळं एका जाड कापडी पिशवीत गेलं. बाबा म्हणाले, "आई, इटलीत खायला मिळतं गं." आजी म्हणाली, "मिळू दे की. मी कुठे त्यांचं बंद करतेय?" तिच्या पायात हेर्त्सोगेनआउराखच्या आउटलेटमधून आणलेले पांढरे खेळाचे बूट होते, वर हिरवी सुती साडी. त्या बुटांवर ती जाम खूश होती. "ह्यांत मला पळता येईल," म्हणायची. "पळून जाणार कुठे?" आजोबा विचारायचे.

म्युनिकहून गाडी निघाली. आज डोळे मिटले तरी तो डबा मला दिसतो. खिडकीत आल्प्सचे डोंगर, टेबलावर स्टीलचा डबा, आणि समोरच्या सीटवर एक बव्हेरियन म्हातारा-म्हातारी, चटणीच्या वासाने अस्वस्थ झालेली. आजीने न विचारता दशमीचा तुकडा चटणी लावून पुढे केला. म्हाताऱ्याने खाल्ला, लाल झाला, बाटलीभर पाणी प्यायला आणि पुन्हा हात पुढे केला. त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. जगातल्या सगळ्या बायका तो हात तसाच लावतात, असं मला त्या दिवशी वाटलं.

ब्रेनरची खिंड ओलांडल्यावर बाबांनी दुसऱ्या दिवसाचा प्लान वाचला. सकाळी बोट, मग मोठा चौक, मग तिथल्या घंटेच्या मनोऱ्यावर. "ऑनलाइन तिकिटं काढून ठेवलीत. पाच."

"पाच कशी?" मी म्हटलं. आजी, आजोबा, आई, बाबा, मी आणि माझी नऊ वर्षांची बहीण. "आपण सहा आहोत."

"अगं, आजी पिशवीपाशी..." बाबांनी वाक्य पूर्णही केलं नाही. पूर्ण करायची गरजच नव्हती ना!

"मनोऱ्याला लिफ्ट आहे, बाबा. गुडघ्यांचं कारण चालणार नाही."

"गुडघ्यांचं नाही गं. मोठी पिशवी वर नेऊ देत नाहीत. कुणाला तरी थांबावंच लागणार. आणि आता त्या वेळेची तिकिटं संपलीत."

"कुणाला तरी म्हणजे कुणाला?"

"झालं सुरू," आई म्हणाली.

"मला काय करायचंय वर जाऊन?" आजी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. विषय संपला. आजोबांनी लाडू मागितला.

पण बऱ्याच वेळाने, सगळे पेंगत असताना, तिने बाबांना हळूच विचारलं, "वरून खाजण दिसत असेल का रे?"

"काय दिसत असेल?"

"खाजण. आणि वाळूचा दांडा."

बाबांना कळलं नाही. मला कळलं, कारण व्हिडिओ कॉलवर मला मराठी लिहायला आजीनेच शिकवलं, आणि तिच्याकडे पुस्तक एकच होतं, भूगोलाचं. आजी साताऱ्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. समुद्राच्या लाटा वाळू आणून टाकतात, तिचा लांबट बांध तयार होतो, तो दांडा. दांड्याच्या आत जे उथळ पाणी अडकतं, ते खाजण. उदाहरण: व्हेनिस. दरवर्षी ती हे फळ्यावर काढायची. निळ्या खडूने समुद्र, पिवळ्याने दांडा. जन्मभर काढलं. प्रत्यक्षात पाहिलं नव्हतं, आणि आता पाहायचं तर उंचावरून पाहायला हवं होतं. खालून ते नुसतं पाणीच दिसणार.

बाबा म्हणाले, "बघून सांगतो तुला." मनापासून म्हणाले, हेच तर वाईट.

आम्ही समुद्राच्या अलीकडे मेस्त्रेला उतरलो होतो. सकाळी व्हेनिसला जाऊन बोट पकडली आणि आजी बोटीच्या कठड्याला धरून उभी राहिली ती चौक येईपर्यंत हलली नाही. घरांच्या दारांत पाणी. दारातून माणूस पाऊल टाकतो ते सरळ नावेत. कचऱ्याची बोट, सामानाची बोट. एका बोटीतून कुणाच्या तरी घरी वॉशिंग मशीन चाललं होतं. आजी प्रत्येक बोटीकडे बोट दाखवून माझ्या बहिणीला सांगत होती आणि बहीण तिला जर्मनमध्ये उत्तर देत होती. दोघींचं अगदी झकास चाललं होतं. अर्थाची अडचण फक्त आम्हा मोठ्यांना येते.

मग चौक. ऊन, कबुतरं, माणसंच माणसं. आणि बसायला? काही नाही! कॅफेच्या खुर्च्या होत्या, रांगेने मांडलेल्या, गिऱ्हाइकांसाठी. आजी कमानीखालच्या पायरीवर टेकली, तर पिवळ्या जाकिटातली एक बाई आली आणि हाताने उठा उठा करून गेली. इथे बसायचं नाही, असा नियम आहे. आजी उठली. चार पावलांवर दुसऱ्या पायरीवर टेकली. बाई परत आली. मग आजी एका खांबाला पाठ लावून उभी राहिली, पिशवी पायांत धरून, आणि आम्हाला म्हणाली, "जा तुम्ही. या बघून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एर्लांगेनचा थांबा काय आणि हा जगप्रसिद्ध चौक काय. म्हातारी बाई, खांबाला टेकून!

"आई, तुम्ही त्या कॅफेत बसा ना, कॉफी घ्या," आईने सुचवलं.

"एका कॉफीवर तासभर एकटी बसू? मला नाही जमायचं ते."

"आजोबा," मी म्हटलं, "तुम्ही थांबा की पिशवीपाशी. आजवर सगळीकडे तुम्हीच वर गेलात."

आजोबांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "मी काय तिला नको म्हटलंय? विचार तिलाच."

"तुम्ही विचारलंत का कधी?"

"अगं, आजोबांशी बोलते आहेस तू," आई म्हणाली. बाबा घड्याळ बघत होते. बहीण म्हणाली, "इश हाब हुंगर." भूक लागली होती तिला. मी मात्र सुटले होते. घर म्हणजे काय, सोय कुणाची, गैरसोय कुणाची, गृहीत कुणाला धरलं जातं. सगळं ओठांवर तयार होतं माझ्या, नुसतं छापायचं बाकी.

"ए पत्रक," आजी म्हणाली. "गप बस जरा."

आजी बाबांकडे वळली. "त्या तिकिटांवर नावं असतात का रे?"

"नाही. का?"

"अहो," आजी आजोबांना म्हणाली, "धरा जरा."

आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. आजोबांनी ती दोन्ही हातांनी धरली, दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी. आजीने पदर कमरेला खोचला आणि ती रांगेच्या दिशेने चालू लागली. पांढऱ्या बुटांत. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, तुम्ही..." आमचे बाबा आजोबांना म्हणायला गेले.

"जा, जा," आजोबा म्हणाले. "मला तसंही उंचावर गरगरतं."

हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. प्रतापगडाच्या बुरुजावर कडेला उभं राहून फोटो काढून घेणारा माणूस! ते खरं होतं की त्यांनी तिथल्या तिथे रचलं, मला आजही माहीत नाही. आजोबा आता नाहीत. आजी आता कोथरूडच्या बाहेर पडत नाही, विमानाचं नाव काढलं तरी हात झटकते. ती सहा जणांची रांगोळी पुन्हा तशी जुळणार नाही. त्या चौकात मी किती चिडले होते ते आठवतं आणि हसू येतं. राग मात्र कमी झालेला नाही, हेही सांगून टाकते.

वर वारा होता. चारी बाजूंना कमानी आणि त्यांना जाळी. आजी सरळ समुद्राच्या बाजूला गेली, जाळीत बोटं अडकवली आणि उभी राहिली. तिच्या साडीचा पदर सुटून माझ्या तोंडावर येत होता. मी काहीतरी बोलायला गेले.

"थांब गं."

खाली लाल कौलं, त्यांपलीकडे हिरवट पाणी, त्यात बेटं, आणि लांब, अगदी लांब, एक बारीकशी पट्टी. तिच्यापलीकडचं पाणी निळं होतं.

"तो बघ दांडा," आजी बहिणीला म्हणाली. "पलीकडे समुद्र. अलीकडे हे सगळं खाजण. दांडा आहे म्हणून लाटा अडतात. म्हणून गाव उभं आहे." मग ती स्वतःशीच हसली. "मी फार जाड काढायचे गं. केवढा जाड काढायचे! सगळ्या मुलींच्या वह्यांत तसाच जाड गेला असेल."

तेवढ्यात डोक्यावरच्या घंटा वाजायला लागल्या. सगळ्यांनी कान झाकले. आजीने बहिणीचे झाकले, स्वतःचे उघडेच.

घंटा थांबल्यावर बाबा म्हणाले, "आई, चल. बेटावर जायची बोट चुकेल."

"तुम्ही व्हा पुढे. मी येते."

ती चारी बाजू फिरली. आल्प्सच्या बाजूला थांबली, आम्ही आलो त्या बाजूला थांबली, आणि पुन्हा समुद्राकडे आली. निळ्या रकान्यातली ती बोट अर्थातच चुकली. बाबा एकदा मोबाइलकडे आणि एकदा आपल्या आईकडे बघत होते. शेवटी मोबाइल खिशात टाकून ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "कुठला दांडा गं?" त्यांनी विचारलं. ती दाखवत राहिली.

आम्ही खाली आलो तेव्हा आजोबा त्याच खांबाजवळ होते. पिशवी छातीशी. अंगाची लाही झालेली.

"तीनदा उठवलं मला!" ते ओरडले. "तीनदा! म्हाताऱ्या माणसाने बसायचं कुठे या गावात? काय गं, तू ते बाकांचं छापतेस ना? त्यात हे घाल. मोठ्या अक्षरांत घाल!"

"गेनाऊ," आजी म्हणाली.

आजोबांनी पिशवी तिच्यापुढे धरली. "घे."

आजीने घेतली नाही. ती बहिणीच्या तळहातावर बोटाने रेघ ओढत होती, बारीक, अगदी बारीक. "असू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली. "माझा हात मोकळा हवाय."

आम्ही धक्क्याकडे निघालो. आजोबा मागून, खांद्यावर पिशवी, आत डबे वाजताहेत. थोडं अंतर ते घुश्शात चालले. मग त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आजीच्या बरोबरीला आले आणि विचारलं, "दांडा म्हणजे नक्की काय गं?"

आजी चालायची थांबली. आणि पहिल्यापासून सांगायला लागली.