दादाच्या रक्तातली खूण

दादाने आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही. तरी चाळिशी ओलांडल्यावर त्याचं हृदय मोठं होऊन थकलं, तेव्हा कोपरखैरण्यातल्या त्याच्या गल्लीने एकच निदान केलं: पीत असणार. बाजारात गोणी उचलणारा माणूस म्हटल्यावर लोकांना पुरावा लागत नाही. वहिनी आधीच गेली होती. घरात तो आणि त्याची लेक. दुखण्यापेक्षा हे बोलणं त्याच्या जास्त जिव्हारी लागायचं.

मी त्याची धाकटी बहीण, संख्याशास्त्रवाली. आमच्या संस्थेत याच आजाराचा अभ्यास चालू होता. आजारी आणि निरोगी माणसांचं रक्त घ्यायचं, त्यातल्या लाखो जनुकीय खुणा ताडून बघायच्या आणि आजाऱ्यांत जास्त दिसणाऱ्या खुणा निवडायच्या. लाखो ठिकाणी बघितलं की काही खुणा निव्वळ योगायोगानेही उठून दिसतात, म्हणून चाळणी फार बारीक लावावी लागते. ती लावणं हेच माझं काम.

आजारी माणसं कमी पडत होती. दादाने गावकऱ्यांच्या मंडळात शब्द टाकला आणि साताऱ्याकडच्या आमच्या चार गावांतले, इथे नवी मुंबईभर पांगलेले हृदयाचे रुग्ण गोळा झाले. निरोगी माणसं मी आणली, सीवूड्सच्या माझ्या सोसायटीतून: कोकणातले, नागपूरचे, दोन-तीन केरळी कुटुंबं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

एक खूण चाळणीत वर राहिली, अगदी ठळक. एक तपासणी बाकी होती. ती होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे मीच इतरांना शिकवते. पण दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्याच संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले. "दादा, तुझ्या रक्तातच आहे रे. तुझा काही दोष नाही."

तो लहान मुलासारखा रडला. पुढच्या रविवारी मंडळाच्या बैठकीत उभा राहून त्याने सगळ्यांना सांगितलं. पोरीचं लग्न ठरलं होतं, मुलाकडचे त्याच मंडळातले. महिन्याभरात त्यांचा निरोप आला: रक्तातलं दुखणं आहे म्हणता, मग आम्हाला जमायचं नाही.

बाकीची तपासणी त्यानंतर झाली. कोणाची पाळंमुळं कुठली, हे हिशेबात धरलं आणि खूण नाहीशी झाली. ती आजाराची नव्हतीच, त्या चार गावांची होती. पिढ्यानपिढ्या आपसांत सोयरिकी केलेल्या त्या लोकांत ती असायचीच, अगदी धडधाकट माणसांतही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळेल अशी चूक. भावाच्या मायेपोटी केली म्हणून ती लहान होत नाही.

दादाला सांगायला गेले तेव्हा तो उशांना टेकून बसला होता. आडवं पडलं की त्याचा श्वास कोंडायचा. मी म्हणाले, "मी मंडळात येऊन सांगते, मुलाकडच्यांच्या पाया पडते."

"त्या पोराचं दुसरीकडं ठरलं," तो म्हणाला. बराच वेळ दम खात राहिला. "पोरीला यातलं कायबी सांगू नगंस. आजारानं मोडलं असं तिला वाटतंय, वाटू दे. तुझ्या चुकीमुळं मोडलं हे कळलं तर ती तुझं तोंड बघायची न्हाई. आन् माझ्यामागं तिला तुझ्याशिवाय कोण हाय?"

दिवाळीच्या आधी तो गेला. लेक आता माझ्याकडे राहते. दर वर्षी मी तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेते. अजून तरी सगळं ठीक आहे. कधी जेवताना ती विचारते, "आत्या, मलाही होईल का गं?"

"माहीत नाही," मी सांगते. हे खरं आहे, याहून खरं उत्तर माझ्याजवळ नाही. पण तिला वाटतं, आत्याला सगळं ठाऊक आहे, आपल्याला जपण्यासाठी ती खरं सांगत नाही. माझे डोळे भरून आलेले दिसले की तिची खात्रीच पटते. मग ती माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि उलट माझीच समजूत काढत बसते.