पाइनच्या फळ्या आणि मामांची पहिली पेटी

"घर बांधायला निघालात काय?" पुण्याहून एसटी सुटताना कंडक्टरने माझ्या फळ्यांच्या भाऱ्याकडे बघून विचारलं. मी चिडून म्हटलं, "आंब्याची पेटी!"

रत्नागिरीजवळ माझ्या मामांची हापूसची बाग आहे. हंगामातली पहिली पेटी ते लाकडाचीच पाठवतात, पुठ्ठ्याचा खोका त्यांना चालत नाही. यंदा त्यांचा पेटीवाला आजारी पडला आणि पेटी तर दुसऱ्याच दिवशी मुंबईला जायची होती. मीच फोनवर फुशारकी मारली, "पाइन घेऊन येतो. हलकं, मऊ, खिळा ठोकला तरी तडकत नाही." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आंबा घाटात प्रत्येक वळणावर भारा माझ्या नडगीवर आदळत होता. राळेच्या (लाकडातल्या चिकट डिंकाच्या) वासाने शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. हातखंब्याच्या तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात तिथे) उतरलो, तर तीन रिक्षावाल्यांनी फळ्या बघून मान फिरवली. चौथ्याने त्या ऐसपैस बसवल्या आणि मला अर्धा बाहेर.

मामा अंगणातच होते. पाणीसुद्धा न विचारता त्यांनी एक फळी उचलली, हुंगली, अंगठा फिरवला. अंगठा चिकटला.

"मेल्या, हे ओलं हाय. आंब्याला वास लागंल. पेटीवर माजं नाव असतं."

"मामा, तुमच्या पेट्या पाइनच्याच असतात ना?"

"असतात. पण सुकलेल्या."

माझं डोकंच फिरलं. हाडं खिळखिळी करून आणलेलं लाकूड नुसतं हुंगून नापास! मी हट्टाने त्याच फळ्यांची एक छोटी पेटी ठोकली, पेंढ्यात (भाताच्या वाळल्या गवतात) डझनभर आंबे घातले आणि म्हटलं, "ही मी घरी नेतो. बघूच!"

मामा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी पडवीतली भांड्यांची मांडणी उतरवायला घेतली. तीही पाइनचीच, पण वर्षानुवर्षं सुकलेली.

"आणि माजी भांडी?" मामी ओरडल्या.

"ऱ्हातील जमिनीवर."

मामी पुटपुटत राहिल्या, पण पातेली त्यांनीच उतरवली. संध्याकाळी मांडणीच्या फळ्यांची मामांची पेटी गाडीत चढली.

पुण्यात पाचव्या दिवशी मी माझी पेटी उघडली. आंबे पिकले होते, रंग सुरेख. पहिली फोड तोंडात घातली आणि रंगाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं. बाराच्या बारा तसेच. हापूसची माती केल्याचं फार वाईट वाटलं, आणि मामा बरोबर निघाले याचा त्याहून राग आला.

तरी फोन केला. मामींनी उचलला. माझे आंबे कसे निघाले, हे त्यांनी विचारलंच नाही.

"पेटी बरी पोचली. तुज्या उरलेल्या फळ्या मामांनी कातळावर उन्हात घातल्यात," त्या म्हणाल्या. "माजी भांडी अजून जमिनीवर हायत. सुकल्या की मांडणी ठोकायला ये."

"येतो मामी," मी म्हटलं. "या वेळी रिकाम्या हातांनी."