एजंटसाठी वेगळी मशीन

माझी मोठी नणंद जोह्यात गणपतीचा कारखाना चालवते. मी पेणला घरूनच एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम करते. गेल्या वर्षी तिच्या ऑर्डरी आणि साच्यांचे फोटो एका जागी दिसतील असं सॉफ्टवेअर करून द्यायचं मी कबूल केलं. कोड लिहायला एआय एजंट घेतला. काम सांगितलं की तो स्वतःच फायली उघडतो, बदलतो, कमांड चालवतो. दर पावलाला परवानगी मागायचा. कंटाळून मी ती सरसकट देऊन टाकली, तीही माझ्या रोजच्या लॅपटॉपवर.

एका दुपारी त्याला चाचणीच्या जुन्या फायली काढून टाकायला सांगितलं आणि कुकर लावायला उठले. परत येऊन बघते तर ‘जुने साचे’ हा फोटोंचा फोल्डरच गायब. नाव बघून त्याने तोही चाचणीचाच धरला होता. दुसरी प्रत मी ठेवलीच नव्हती. सासऱ्यांनी केलेले आणि पुढे फुटून गेलेले काही साचे फक्त त्या फोटोंतच उरले होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने जोह्याला गेले. नणंद मूर्तीचे डोळे आखत होती. मी सगळं सांगितलं. तिने ब्रश खाली ठेवला.

मग म्हणाली, “तो तिथपर्यंत पोचला कसा?”

“मीच पोचू दिलं, ताई.”

“मग आता नको पोचू देऊस. पण काम सोडू नको गो. अर्धं झालंय.”

नवरा रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आला, तो म्हणाला, एआयचा नादच सोड. मला ते पटलं नाही. एकटीच्या हाताने सीझनच्या आत काम संपलं नसतं.

मी लॅपटॉपच्या आत एक व्हर्च्युअल मशीन उभी केली, म्हणजे वेगळा चालणारा दुसरा संगणकच. तिच्यात फक्त कोडची प्रत आणि खोटे फोटो ठेवले. माझे पासवर्ड त्यात नाहीत, इंटरनेटही लागेल तेवढंच. मग तो खरंच बाहेर पोचत नाही ना हे बघायला एजंटलाच माझ्या लॅपटॉपवरची एक फाईल शोधायला सांगितलं. त्याने ती सरळ वाचून दाखवली. लॅपटॉप आणि मशीन या दोन्हींतून उघडणारा एक सामायिक फोल्डर चुकून चालू राहिला होता. तो बंद केला, पुन्हा विचारलं. या वेळी फाईल सापडली नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने चाचणीचा सगळा डेटा पुसला. पण सकाळीच मी मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे तेव्हाची जशीच्या तशी प्रत, घेऊन ठेवला होता. चहा गार व्हायच्या आत सगळं पूर्ववत झालं. त्याचा बदललेला कोड मात्र ओळ न् ओळ वाचल्याशिवाय मी कधी बाहेर आणला नाही.

दोन रविवार नणंदेने आणि मी शिल्लक साच्यांचे फोटो पुन्हा काढले, आणि या वेळी दोन ठिकाणी ठेवले. सॉफ्टवेअर सीझनच्या आधी चालू झालं. फुटलेल्या साच्यांची नावं तिला आठवत होती, ती तिने सांगितली, मी सॉफ्टवेअरमध्ये घातली. त्यांच्यासमोरची फोटोची चौकट रिकामीच आहे. ती काढून टाकू का, असं मी विचारलं, तर तिने नाय म्हणून मान हलवली.