कालगुर्लीची हिल्डाबाई

शनिवारी सकाळी आम्ही चार-पाच जण हिल्डाच्या शेडमध्ये चित्रं काढायला जमतो. तासभर चित्रं, दोन तास गप्पा. एकाने किस्सा सुरू केला की दुसरा म्हणतो, "ए, तसं नव्हतं ते, मी होतो तिथे!" आणि एकाचे दोन होतात. अशाने माझ्याकडे चित्रं साठलीत चार आणि किस्से चाळीस. चित्रं दाखवण्यासारखी नाहीत. तेव्हा किस्सेच ऐका.

हिल्डा मूळची बेल्जियमची. चित्रकार. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात तिचं आयुष्य गेलं. नवरा जिऑलॉजिस्ट, इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत नोकरी लागली म्हणून दोघं आले. तो वारला, ती राहिली. आता वय एक्काहत्तर.

"परत का नाही गेलीस गं?" मी एकदा विचारलं.

"तिकडचं आभाळ काढून संपलं," ती म्हणाली. "एकच करडा रंग लागतो!"

*

आमची ओळख झाली माझ्या क्लिनिकमध्ये. मी इथे जीपी आहे. ही बीपी दाखवायला आली होती. मी पट्टा बांधतेय आणि हिचं लक्ष भिंतीवरच्या पोस्टरकडे. हाताची हाडं दाखवणारं पोस्टर, वर मोठ्या अक्षरांत 'उजवा हात'.

"हा डावा आहे," ती म्हणाली.

मी हसले. मग पोस्टरकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. मग परत पोस्टरकडे. तीन वर्षं मी त्या पोस्टरखाली बसून पेशंट तपासत होते!

"मी काही डॉक्टर नाही," हिल्डा म्हणाली, "पण हात बरेच काढलेत."

बीपी तिचं एकदम नॉर्मल. माझं वाढलं होतं.

*

शिरीष आमचा पुण्याचा, खाणीत इंजिनियर. पहिल्या शनिवारी तो स्टीलची पट्टी घेऊन आला. झाड काढलं, तेही पट्टीने! हिल्डाने झाड बघितलं. पट्टी उचलली आणि तिने डब्यातला रंग ढवळायला सुरुवात केली.

"अगं, माझी पट्टी!"

"नो वरीज," हिल्डा म्हणाली. "आत्ता कुठे कामाला लागली ती!"

*

जानेवारीतली, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बेचाळीस डिग्री. मी वॉटरकलरचा हात फिरवतेय आणि ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक खडखडीत वाळलेलं.

मी वैतागले. "हे काय वॉटरकलर? यात वॉटर कुठाय?"

"तक्रार करू नकोस," हिल्डा म्हणाली. "बेल्जियममध्ये एक आभाळ वाळेपर्यंत माझं लग्न ठरलं होतं!"

*

मग ते पुस्तक आलं. तिकडच्या एका प्रकाशकाने बऱ्याच वर्षांनी हिल्डाला काम दिलं. भारतातली एक आजी वाळवंटातल्या खाणीच्या गावात लेकीकडे राहायला येते, अशी गोष्ट. हिल्डा इतकी खूश, की शेडचं दार तिने शनिवारीसुद्धा आम्हाला अर्धंच उघडलं.

पहिली चार चित्रं गेली आणि संपादकाची ईमेल आली. चित्रं सुंदर, पण जमीन फार लाल झालीये. एवढी लाल माती वाचकांना खोटी वाटेल. थोडी तपकिरी करता येईल का?

तिसऱ्या दिवशी हिल्डाने शिरीषला फोन केला. "तुझे साइटवरचे मोजे आण. धुऊन आण."

मोजे बेल्जियमला पोस्टाने गेले. सोबत चिठ्ठी: 'आमच्या इंजिनियरचे मोजे. तीनदा धुतले आहेत. मूळ रंग: पांढरा.'

आठवड्याने उत्तर आलं. 'लाल रंग मंजूर. मोजे परत पाठवू का?'

*

त्या आजीसाठी मॉडेल म्हणून हिल्डाने धरलं माझ्या आईला. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. एकीला मराठीशिवाय काही येत नाही, दुसरीला मराठी सोडून चार भाषा येतात!

आई दोन तास पुतळ्यासारखी बसली. चित्र बघितलं आणि म्हणाली, "ही बाई साडी नेसलेली नाही, साडीत गुंडाळलीय. बोहारणीच्या गाठोड्यासारखी!"

"काय म्हणाल्या?" हिल्डाने मला विचारलं.

"छान आहे म्हणाली."

"छान म्हणायला इतका वेळ लागत नाही," हिल्डा म्हणाली.

मग खरं ते सांगावंच लागलं. दुसऱ्या दिवशी आईने तिला शेडमध्ये साडी नेसवली. हिल्डा दिवसभर त्या साडीत वावरली. पायरी चढली, कपडे वाळत घातले, दोनदा अडखळली. "अहो हिल्डाबाई, निऱ्या उचला, निऱ्या!" आई मागून ओरडत होती, आणि हिल्डा निऱ्या सोडून बाकी सगळं उचलत होती.

त्यानंतरचं चित्र आईने बराच वेळ हातात धरलं. एक आजी, दारातल्या पायरीशी उभी, एका हातात निऱ्या.

"आत यायला बिचकतेय ती," आई हळूच म्हणाली. "मीपण बिचकले होते."

हिल्डाने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला.

*

नऊ चित्रं राहिली होती, आणि हिल्डा शिडीवरून पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

प्रकाशकाने धीराने कळवलं, की काळजी करू नका, उरलेली चित्रं आम्ही दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ. ते वाचून हिल्डा खुर्चीत बसली ती उठेचना. मी तिला इतकी म्हातारी कधी पाहिली नव्हती.

"त्या आजीला दुसरं कोणी ओळखत नाही," ती म्हणाली. मग प्रकाशकाला 'थांबा, मीच देते' असं कळवलं आणि डाव्या हाताने तिने खडू उचलला.

पहिला आठवडा नुसत्या रेघा. लहान मुलासारख्या, वाकड्यातिकड्या. ती फाडायची, परत काढायची. दुसऱ्या आठवड्यात आजीचा पदर जमला. चौथ्यात डोळे. शिरीष तिला म्हणाला, "आता हे सगळं तुझ्या डाव्या हातचा मळ!" मी अर्थ समजावला, तर तिने बोटं पुढे केली. "मळ कसला? फोड आहेत!"

नऊ चित्रं वेळेवर गेली. पाचव्या दिवशी संपादकाचा फोन आला, तेव्हा आम्ही सगळे शेडमध्ये होतो. तिने स्पीकर लावला.

"ही शेवटची नऊ चित्रं कोणी काढली?"

हिल्डाचा चेहरा उतरला. "मीच."

"मग आधीची कोणी काढली होती?"

शिरीष इतक्या जोरात ओरडला, की शेजारची कुत्री भुंकायला लागली!

*

प्लास्टर काढायला ती माझ्याकडेच आली. सोबत आई, शिरीष, अख्खी शनिवारची गँग. नर्स म्हणाली, "इथे काय पार्टी आहे का?"

मी प्लास्टर कापलं. आतून पांढराफटक, बारीक झालेला हात निघाला. हिल्डाने हळूहळू बोटं हलवली. पाचही हलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने डोळे पुसले.

"घे बाई, तुझा हात तुला परत," मी म्हटलं आणि तिच्यापुढे पॅड ठेवलं. "काढ काहीतरी."

हिल्डाने पर्स उघडली. पेन्सिल काढून डाव्या हातात धरली. मग पर्समधून खोडरबर शोधलं, आणि ते उजव्या हातात दिलं.