चहाबरोबरची गोळी

तुमच्या घरात रोज कोण कुठली गोळी गिळतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो.

कामथडीच्या आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील चळवळीतले, मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकलो. कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहू लागलो. रक्तदानावर लिहिलं, डॉक्टरांना प्रश्न विचारा असंही लिहिलं. तेव्हा आई कापूरहोळच्या ढाब्यावर दिवसभर उभी राहून भाकऱ्या करायची. तिच्या खुब्याचा सांधा पार झिजला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल.

तपासण्यांसाठी एसटीच्या इतक्या खेपा झाल्या, की ऑपरेशनच्या आधीच आम्ही दोघं थकलो होतो. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, कुठलं औषध चालू आहे?"

"औषध कसलं? काय बी न्हाई."

ढाब्यावरच्या सगळ्याच बायकांसारखी आईही अंगदुखीसाठी वाण्याकडची गोळी रोज सकाळी चहाबरोबर घ्यायची. साखर-चहापत्तीबरोबर ती मीच आणायचो. सांगावं असं मनात आलं; पण बाहेर रांग होती, परतीची गाडी गाठायची होती. आणि वाण्याकडे मिळणाऱ्या गोळीचं काय सांगायचं!

ऑपरेशनच्या दिवशी सांगितलेली वेळ टळून गेली. मग डॉक्टर बाहेर आले.

"रक्त थांबायला वेळ लागतोय. खरं सांग, काही घेत होत्या का?"

मी गोळीचं नाव सांगितलं. ते भिंतीला टेकले.

"अरे, त्या गोळीनं रक्त लवकर गोठत नाही. आधी कळलं असतं तर वेळेवर बंद केली असती." ते परत आत गेले.

राखून ठेवलेली एक पिशवी संपली होती. आणखी दोन हव्या होत्या, आणि रक्तपेढी त्यांच्या बदल्यात रक्त देणारे मागत होती. मी बाही वर केली. तिथल्या बाईंनी बोट टोचून पाहिलं.

"तुझंच रक्त कमी आहे. जेवतोस की नाही?"

लाज झाकायला मी वाद काढला. आतला माणूस अडलेला असताना नातेवाइकांना वेठीला का धरता? आवाज चढला. आमच्यासोबत कापूरहोळचे गॅरेजवाले चाचा आले होते; आई त्यांना राखी बांधायची. ते म्हणाले, "पत्रक घरी लिव्ह. हितं सुई कुठं टोचत्यात तेवढं सांग." त्यांनी रक्त दिलं, त्यांच्या टेम्पोवाल्या भाच्यानंही दिलं. मी बाकावर बसून राहिलो.

दुपार कलली तेव्हा रक्त थांबल्याचं कळलं. आनंद करायचंही त्राण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आईला गोळीचं सांगितलं.

"ती व्हय? ती काय औषध हाय? ती चहातली." मग तिनं मान माझ्याकडे वळवली. "पन तू तर लिवणारा. तू का न्हाई बोललास?"

मी तिची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

म्हणून एवढं करा. घरातलं कुणी ऑपरेशनला जाणार असेल, तर आजच फडताळातला डबा उघडा. वाण्याकडच्या गोळ्या, पुड्या, काढे, सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओता. काय बंद करायचं, कधी करायचं, ते त्यांना ठरवू द्या. गाडी चुकली तर चुकू द्या.